केळ्यांचा रविवार

...नाही, पन मी म्हनतो केळंच काऊन? जगात दुसरं फळ राह्यलं नाही का? पेरू हाय, पपई हाय, सीताफळ तं आपल्या डोंगरात एवढं पिकते का दिवाळीच्या आगेमागे बाया टोपलेच्या टोपले घेऊन मोताळ्याच्या बाजारात बसतात... पन नाही, म्हाताऱ्या मानसाले केळंच. काऊन, तं म्हने चावाव लागत नाही. अरे बाप्पा, माहे सव्वीस दात शाबूत हायेत, या अन् मोजून घ्या, पन मोजते कोन? पाहुन्याचा गाडीतून पाय खाली टेकला का पहिलं केळं आमच्या हातात. तुम्हाले सांगतो, या घरात येऊन मले दोन वर्षं झाले, अन् या दोन वर्षांत मी जेवढे केळे खाल्ले तेवढे रावेरच्या मळ्यातल्या माकडानंबी खाल्ले नसतीन.

तुम्ही म्हनसान, बुढा लय माजला, लोक प्रेमानं आनून देतात अन् हा कुरकुर करते. ऐका तं खरं आधी. आमचं हे घर मोताळ्याच्या अलीकडं रस्त्याले लागून हाय, ‘निवांत ज्येष्ठ निवास’ अशी पाटी हाय, अकरा म्हातारे-म्हाताऱ्या, सहा खोल्या, एक वट्टा अन् वट्ट्यापुढं एक कडुनिंब. सोय चांगली हाय, खोटं कायले बोलू? संडासात धराले दांड्या हायेत, आंग धुवाले स्टूल हाय, खाटीच्या उशाशी घंटी हाय, दाबली का कोनी ना कोनी येतेच. डॉक्टर गुरुवारी येते, प्रेशर पाह्यते, जीभ पाह्यते अन् ‘छान’ म्हनून जाते. सगळं छान हाय. पन रविवार आला का मी कपाळाले हात लावतो, काऊन का रविवारी वाढदिवस येतात.

आमचे नाही बरं का! आमचे वाढदिवस कोनाले मालूम? आमचे सगळ्यायचे एक जून, मास्तरनं शाळेत लिहून टाकलेले. वाढदिवस लोकायचे. कोनाच्या पोट्ट्याचा पहिला वाढदिवस, कोनाच्या लग्नाले पंचवीस वर्षं झाले, कोनाच्या सासऱ्याची पुण्यतिथी, कोनत्या पुढाऱ्याचा वाढदिवस तं त्याचे कार्यकर्ते चार गाड्या घेऊन. मागच्या उन्हाळ्यात एक कुटुंब आलं, त्यायच्या कुत्र्याचा वाढदिवस होता. आता सांगा! कागदाची टोपी कुत्र्याच्या डोक्यावर, अन् केळं माह्या हातात. कुत्र्याले बिस्किट दिलं होतं. म्या नुसतं पाह्यलं त्या बिस्किटाकडं...

अन् याचं सगळं शिक्षन आम्हाले देलेलं हाय. मंजुळाबाईनं. मंजुळाबाई म्हनजे आमची... काय म्हनाव, कागदावर मदतनीस हाय, पन नर्सच्या वर हाय. मोताळ्याहून येते सकाळी सातले. कोनाची गोळी कोनती, कोनाले साखर बंद, कोनाच्या पाठीले जखम होऊन राह्यली, कोनाले कोनत्या कुशीवर वळवाचं, सगळं तिच्या डोक्यात, वहीत काहीच नाही. मले स्टुलावर बसवून आंग धुऊन देते, पाठ अशी चोळते का तेहतीस वर्षाचा डिझेलचा वास निघून गेला. पहिल्या दिवशी लाज वाटली मले, डोळे मिटून बसलो, तं म्हने आजोबा, डोळे मिटल्यानं साबन लवकर निघत नाही. तं त्या मंजुळाबाईनं पहिल्याच रविवारी मले बाजूले घेऊन सांगितलं का हे पाहा आजोबा, लय डोकं चालवाचं नाही. केळं घ्याचं, हात जोडाचे, फोटोवाल्याकडं पाहाचं. ते खुश तं आपन मोकळे.

केळं घ्याचं, हात जोडाचे, फोटोवाल्याकडं पाहाचं. सोपं वाटते ना? आता मले सांगा, एका हातात केळं हाय, तं हात जोडाचे कसे? केळं ठेवाचं कोठी? काखेत? मांडीवर ठेवलं तं घसरते. मंग आम्ही अकरा जनायनं आपापली युक्ती काढली, केळं दोन्ही हाताच्या मधात उभं धराचं. फोटोत असं दिसते का अकरा म्हातारे केळ्याचीच पूजा करून राह्यले.

माह्या खोलीत दुसरी खाट किसनरावची. पिंपळगाव राजाचा हा मानूस, वावर एवढं का एका बांधावरून दुसरा बांध दिसाचा नाही, दारात चार बैलजोड्या. आता डोक्यातून सगळं निसटून गेलं बिचाऱ्याच्या. बायकोचं नाव आठवत नाही, सकाळचा चहा पेला का नाही आठवत नाही. मले मातर सहदेव म्हनते, बरोबर म्हनते. गावात असतो तं माह्या हातचं पानी पेलं असतं का नाही देव जाने, आता माह्या हातूनच गोळी घेते, मंजुळाबाईनं देली तं थुकून टाकते. अन् याचं एक हाय, चार लोक एका जागी पाह्यले, का हा मले हळूच विचारते, “कोन वारलं बे?” दर रविवारी. केक कापून राह्यले, फुगे लावले, लेकरं टाळ्या वाजवून राह्यले, अन् हा मान खाली घालून, “कोन वारलं?” मी म्हनतो कोनी नाही बापू, वाढदिवस हाय. तं म्हनते, बरं, घाई करा मंग, ऊन वाढते.

आता मी कोन, ते सांगाचं राह्यलंच. मी सहदेव, रोहिणखेडचा, यस्टीत ड्रायव्हर होतो. तेहतीस वर्षं. मलकापूर-मोताळा-बुलढाणा. राजूरचा घाट मी एवढ्या वेळा चढलो-उतरलो का डोळे बांधले तरी वळन सांगीन. एक अपघात नाही. पन त्या क्लचनं डावा गुडघा खाऊन टाकला. पोरगा एकच, अश्वजित. चांगुणानं, म्हनजे माह्या घरच्या बाईनं, हट्टानं शिकवला त्याले, मी डबल ड्युट्या केल्या. आता बुलढाण्याले कॉलेजात प्रोफेसर हाय. चांगला बोलते, लोक बोलावतात त्याले भाषनाले. चांगुणा गेली, मंग मी त्याच्याकडं राहाले गेलो. तिसरा माळा, लिफ्ट नाही. दोघं नवरा-बायको नोकरीवर, नात शाळेत. एक दिवस बाथरूममधी पाय घसरला अन् मी पडलो ते पडलोच, दुपारी साडेबारापासून सूनबाई नोकरीवरून येईपर्यंत तसाच. फरशीवर गाल टेकवून. नळाचा थेंब पडत होता, मोजत होतो.

त्याच्यानंतर एक दिवस अश्वजित माह्याजवळ बसला, म्हने बाबा, एक जागा पाह्यली हाय, काही महिन्यांसाठी. मी म्हनलं बरं. त्याले वाटलं मी भांडीन. कायले भांडू? मले दांड्याची गरज होती धराले, त्याच्या घरात दांड्या नव्हत्या, अथी हायेत. तुम्हाले सांगतो, ठेवलं याचं मले दुःख नाही. इमानानं सांगतो. बुलढाण्याहून अथी यायले पाऊन तास लागते, अन् पोरगा सहा महिन्यांतून एकदा ये, तोबी बसल्या बसल्या घड्याळ पाहाचा, त्याचंबी मी काही म्हनलं नाही. वेळापत्रक मले कळते. पन मंग तो रविवार आला...

सकाळी नऊ-साडेनऊचा सुमार. आंग धुऊन झालं होतं, धोतर-सदरा घालून मी खाटीवर बसलो होतो, किसनरावच्या पायाले मंजुळाबाई तेल लावत होती. फोन वाजला. अश्वजित. रविवारी सकाळी? म्या म्हनलं कोनी आजारी पडलं का काय. तं हा असा बोलून राह्यला जसा परीक्षेत बाजूच्याले उत्तर विचारून राह्यला. “बाबा, आम्ही तुमच्याकडं येऊन राह्यलो. वीस मिनिटांत.” म्या म्हनलं या ना. तं म्हने तसं नाही बाबा, आमचं समाजसेवेचं मंडळ येऊन राह्यलं. मंडळाच्या अध्यक्षाचा साठावा वाढदिवस हाय, जाचं होतं दुसरीकडं, पन तथी पहिलेच दोन वाढदिवस लागले होते, म्हून गाड्या इकडं वळवल्या, मी दुसऱ्या गाडीत हाय, मले आता समजलं.

बरं, मंग?

तं त्यानं आवाज अजून बारीक केला. अन् मंग म्हने, “बाबा, मी कोनाले सांगितलं नाही, तुम्ही तथी आहात म्हून.”

म्या म्हनलं, मंग काय सांगितलं? तं म्हने ते नंतर सांगतो, तुम्ही फक्त आज बाहेर येऊ नका, खोलीतच झोपून राहा, तब्येत बरी नाही म्हना. अन् फोन ठेवला.

आता तुम्ही माह्या जागी असते तं काय केलं असतं? मंजुळाबाई माह्या तोंडाकडं पाहत होती, तिले सगळं ऐकू गेलं होतं, त्या फोनचा आवाजच तसा हाय, बहिऱ्यासाठी घेऊन देलेला. तिनं तेलाचे हात पदराले पुसले. कपाटातून घोंगडं काढलं अन् माह्या आंगावर टाकलं. वैशाखात. घोंगडं! म्या म्हनलं बाई, मरीन मी. तं म्हने, आजारी हाय ना तुम्ही? मंग.

तं मी तोंडावर घोंगडं घेऊन पडलो. मनात म्हनलं चला, एक रविवार केळ्यातून सुटका झाली. बाहेर गाड्या लागल्याचा आवाज. दरवाजे. लेकरं. टाळ्या. मंग भाषन. वट्ट्यावरचं भाषन खिडकीतून सगळं येते आत. अध्यक्ष कोनी भागवत सर म्हून, गोड आवाज, साखरेचा पाक. म्हने, “आज आपण इथे काही देण्यासाठी आलेलो नाही, आशीर्वाद घेण्यासाठी आलेलो आहोत.” मी घोंगड्यात घामानं भिजून राह्यलो होतो. किसनराव उठून बसला, म्हने सहदेव, कोन वारलं बे? म्या म्हनलं आज मीच वारलो असं समज, अन् चूप बस.

अन् सगळं निपटलं असतं हो! नीट निपटलं असतं. पन त्यायनं आनल्या होत्या अकरा शाली. मोजून. अन् वट्ट्यावर म्हातारे भरले नऊ. भागवत सर म्हने दोन जन कोठी हायेत? मंजुळाबाईनं सांगितलं का एक आजारी हाय अन् एकाले काही समजत नाही. मले वाटलं आता शाली तिच्याजवळ ठेवतीन अन् जातीन. तं नाही, त्या मानसानं छातीवर हात ठेवला. म्हने, “मग तर त्यांनाच आधी भेटायला हवं. चला, आपण खोलीत जाऊ.”

तुम्हाले सांगतो, राजूरच्या घाटात एकदा माहा ब्रेक लागला नव्हता. तवा जेवढं काळीज हाललं तेवढंच त्या चपलांच्या आवाजानं हाललं.

पंधरा-वीस लोक खोलीत. पंख्याची हवाबी बंद झाली. कोनीतरी माह्या तोंडावरचं घोंगडं हळूच बाजूले केलं अन् भागवत सर माह्यावर वाकले, अत्तराचा वास, म्हने, “आजोबा, घाबरू नका हं. आम्ही सगळी तुमचीच मुलं आहोत.”

म्या मनात म्हनलं, सगळी नाही साहेब. एकच.

तो पाठीमागं उभा होता. दाराच्या चौकटीले टेकून. पांढरा सदरा, छातीवर मंडळाचा बिल्ला. माह्याकडं पाहतच नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होता, जसं त्याले आजची तारीख मालूम नाही. भागवत सरनं मागं वळून पाह्यलं अन् म्हने, “अरे अश्वजित सर, पुढे या. शाल तुमच्याच हातून. हा तर तुमचा विषय.” अन् मंग लोकायले सांगाले लागले, आवाज मोठा करून, का तुम्हा सर्वांना सरांचं ‘घरातले म्हातारे, घराचे खांब’ हे व्याख्यान आठवत असेल, डोळ्यांत पाणी आलं होतं सगळ्यांच्या. सरांचे वडील आजही गावी शेतावर राहतात, सर कितीही बोलावतात पण ते मातीला सोडायला तयार नाहीत, या वयात रोज दोन किलोमीटर चालतात...

मी! दोन किलोमीटर! मी संडासात जातो तं वॉकर घेऊन जातो, मधात एकदा भिंतीले टेकतो. अन् शेत कोठचं? आमच्या सात पिढ्यांत कोनाकडं शेत नव्हतं, म्हून तं यस्टीत गेलो. पन तुम्हाले खरं सांगू? ते ऐकता ऐकता मले थोडं बरंबी वाटलं. काय बुढा उभा केला होता पोरानं! तंदुरुस्त, मातीतला, स्वाभिमानी. असा बाप असता तं मलेबी आवडला असता.

अश्वजित पुढं आला. शाल उलगडली. शालीचं एक टोक खाटीखाली गेलं. अन् तवाच बाजूच्या खाटीवरून किसनराव बोलला. सकाळच्या चहाचं आठवत नाही त्याले, बायकोचं नाव आठवत नाही, पन त्यानं पोराकडं नीट पाह्यलं अन् ठस्सदिशी म्हनला, “अरे सहदेव, हा तं तुहा पोरगा.”

 अश्वजितनं पहिल्यांदा माह्या डोळ्यांत पाह्यलं. पाच वर्षाचा असताना मलकापूरच्या स्टँडवर गर्दीत हरवला होता, सापडला तवा असंच पाह्यलं होतं.

तं भागवत सरनं रुमाल काढला. म्हने, “पाहा, काय माया असते. यांना प्रत्येकात मुलगाच दिसतो.” दोन बायायनं डोळे पुसले. एकीनं फोटो काढला. आता झालं असतं तेवढ्यावर, पन किसनराव ऐकते का? जमीनदार मानूस, खोटं पाडलेलं चालत नाही. म्हने तसं नाही हो, हा सहदेवचा पोरगा हाय, मागं आला होता, माह्यासाठी सोलापुरी चादर आनली होती. अन् ते खरं होतं! आनली होती. तं दोघं-चौघं माह्याकडं पाहाले लागले. आता बोलाचं मलेच होतं.

म्या म्हनलं, “त्याले विसर पडते साहेब. ध्यान देऊ नका.”

किसनरावनं माह्याकडं पाह्यलं. एकदम लहान लेकरावानी तोंड झालं त्याचं. म्हने, “मी इसरलो का, सहदेव?”

अन् म्या म्हनलं, “हाव बापू, इसरला.”

मानसाले एकच भेव होतं उरलेलं, का आपलं डोकं आपल्याले फसवून राह्यलं. जिंदगीत एकदा त्याचं डोकं बरोबर चाललं, अन् म्या त्याले सांगितलं का चुकलं. पोरगा वाचवाले दोस्त इकला म्या, तुम्हाले सांगतो. तो भिंतीकडं तोंड करून झोपला, त्याची शाल त्याच्या पायाशी ठेवली कोनीतरी.

माहा सत्कार झाला. केळं घ्याचं, हात जोडाचे, फोटोवाल्याकडं पाहाचं. घेतलं केळं, पोराच्या हातून. फोटोवाला म्हने सर, आजोबांच्या पाया पडताना एक घेऊ. अश्वजित वाकला. आजकाल माहे पाय सुजतात, घोट्यापासून खाली, दाबलं का खड्डा पडते, त्याले हे मालूम नव्हतं, सहा महिन्यांपूर्वी नव्हतं तसं. त्यानं पायाले हात लावला अन् तसाच धरून राह्यला. अंगठा दाबून पाह्यला त्यानं, मले समजलं. फोटोवाला म्हने झाला सर. तरी उठला नाही. लोकायले वाटलं नमस्कार चालू हाय. शेवटी म्याच म्हनलं, “उठा साहेब. फोटो निघाला.”

‘साहेब’ म्हनलं म्या. तोंडातून गेलं. तो उठला, अन् चष्मा पुसत बाहेर गेला.

गाड्या गेल्या. म्या घोंगडं फेकलं, वॉकर घेतला, किसनरावच्या खाटीपाशी जाऊन बसलो. म्हनलं बापू, तू बरोबर होता, तो माहाच पोरगा हाय, मी खोटं बोललो, मले माफ कर. त्यानं कूस बदलली, माह्याकडं पाह्यलं, पायाशी पडलेली शाल पाह्यली, माह्या गळ्यातला सत्काराचा हार पाह्यला, अन् हळूच विचारलं, “कोन वारलं बे?”

आता याच्यावर मानसानं हासाव का रडाव? ज्याची माफी मागाची त्यालेच गुन्हा आठवत नाही. मंजुळाबाई दारात उभी होती. तिनं माह्या खाटीवरचं केळं घेतलं, सोललं, अर्धं त्याले देलं, अर्धं मले. म्हने खा आता, जेवाले टाइम हाय.

संध्याकाळी पोराचा फोन आला. मले वाटलं काही म्हनन. चुकलं म्हनन, नाही तं रडन, नाही तं निदान समजावून सांगन का अशानं असं झालं, मंडळात कोनीतरी विचारलं, तोंडातून निघून गेलं, मंग वापस घेता आलं नाही. काहीच नाही. म्हने जेवले का? म्या म्हनलं हाव. म्हने पायाले सूज कवापासून हाय? म्या म्हनलं झाले दोन-तीन महिने, गुरुवारी डॉक्टर पाह्यते.  मंग म्हने, “शाल टोचत तं नाही ना?” म्या म्हनलं नाही, मऊ हाय. ठेवला फोन. टोचते खरं तं. पन आता शालीवरून कायले भांडाव?

मंगळवारी पेपरात फोटो. ‘निराधार ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर फुलले हसू.’ फुललेलं हसू म्हनजे मी, घामानं थबथबलेला. अन् माह्या पायाशी वाकलेला निराधाराचा पोरगा. मंजुळाबाईले तो पेपर वट्ट्यावर कोनाले दाखवू देला नाही म्या.

आता तुम्हाले वाटन संपलं. मलेबी वाटलं. तं पुढच्या महिन्यात भागवत सर पुन्हा हजर, फाइल घेऊन. मंडळाले आमची जागा लय आवडली. ठराव झाला, ‘एक सदस्य, एक ज्येष्ठ’. म्हनजे काय, तं मंडळाचा एक-एक सदस्य आमच्यातला एक-एक म्हातारा दत्तक घेनार, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येनार, सेवा करनार. चिठ्ठ्या टाकाच्या होत्या म्हने, पन अश्वजित सरांनी हात वर केला, ते खाटीवरचे आजारी आजोबा मी घेतो. भागवत सर मले सांगत होते, तुम्ही नशीबवान आहात आजोबा, सर फार हळवे आहेत.

तं हो, फॉर्म भरला. छापील फॉर्म, गोल शिक्का. दत्तक घेनाऱ्याचं नाव, दत्तक ज्येष्ठाचं नाव, तं नुसतं ‘सहदेव आजोबा’, आडनाव नाही, खाली रकाना, ‘ज्येष्ठाशी नाते’. तथी त्यानं आडवी रेघ मारली. अन् म्या खाली सही केली. सख्ख्या पोरानं बापाले दत्तक घेतलं अन् बापानं सही देली, असं सगळ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरं उदाहरन असन तं मले आनून दाखवा.

पन येते बरं का. दर पहिल्या रविवारी. छातीवर बिल्ला लावून. घड्याळ पाहत नाही, काऊन का मंडळाचा टाइम दीड तास ठरलेला हाय. माह्या पायाचे नखं कापते, भिजवून, सावकाश. गुडघ्याले मलम चोळते. सुजेसाठी मोठ्या डॉक्टरले दाखवून आनलं, मंडळाच्या गाडीत. किसनरावले विचारून राह्यला होता त्या दिवशी, काका, चादर पुरते का म्हून. लोक खोलीत असले का मले आजोबा म्हनते, लोक वट्ट्यावर गेले का हळूच बाबा म्हनते. मीबी तसंच, माही ‘साहेब’ अन् ‘अश्वजित’ यायची कधी कधी गल्लत होते, पन म्हाताऱ्याचं कोन मनावर घेते.

मंजुळाबाईले पटत नाही हे. परवा आंग धुऊन देता देता म्हने, आजोबा, सांगून टाका ना एकदा भागवत सरले, कवापर्यंत असं चोरून बाप राहाचं? म्या म्हनलं बाई, नीट विचार कर. बाप होतो तवा सहा महिन्यांतून एकदा ये. आता कोनीच नाही त्याचा, तं दर महिन्याले येते.

सांगून टाकलं अन् पुन्हा बाप झालो, तं येनं बंद होईन ना!